दुसरी प्रत कुठे आहे?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त २६ जानेवारी २०२६ रोजी ध्वजवंदनानंतर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरून लिहून दिले आहे.)



सचिवांनी मला विषय दिला, ‘घरचा कॉम्प्युटर आणि आपण’. वेळ दिला अर्धा तास. बँकेत माझी छत्तीस-सदतीस वर्षे गेली, त्यामुळे वेळेच्या आत हिशेब मिटवण्याची सवय आहे. काळजी करू नका, झेंड्यासमोर उभे राहून दमलेल्यांना मी जास्त वेळ बसवणार नाही.

पण विषयाला हात घालण्याआधी मला तुमच्यासमोर एक कबुली द्यायची आहे. स्मरणिकेची तयारी करणारी आपली तरुण मंडळी दिवाळीनंतर माझ्या घरी आली होती. त्यातली सी विंगमधली मुलगी म्हणाली, “काका, २००३ पासून २०११ पर्यंतचे फोटो कुणाकडेच मिळत नाहीत. तुमच्याकडे असतील ना? सगळ्या कार्यक्रमांना तुम्हीच तर फोटो काढायचात.”

खरे आहे. मीच काढायचो. सोसायटीची नोंदणी झाली २००१ साली. पहिल्या दोन वर्षांचे फोटो रोलच्या कॅमेऱ्याचे होते, ते धुऊन आणून अल्बममध्ये लावलेले आहेत. तुम्हाला स्मरणिकेत ते दिसतील. २००३ मध्ये मुलाने मला डिजिटल कॅमेरा आणून दिला. रोल नाही, धुणे नाही, खर्च नाही. मग काय, मी सुटलोच! गणपती, कोजागरी, हळदीकुंकू, मुलांच्या स्पर्धा, सगळे टिपत गेलो आणि घरी येऊन कॉम्प्युटरमध्ये भरत गेलो. नऊ वर्षांचे सहा हजारांच्या वर फोटो होते.

२०१२ च्या जूनमध्ये त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. सहा हजार फोटो तिच्याबरोबर गेले. दुसरी प्रत नव्हती.

इतकी वर्षे मी हे कुणालाच सांगितले नाही. कुणी विचारले तर “बघतो हं, शोधून देतो” म्हणत राहिलो. त्या मुलीला खरे सांगावे लागले, आणि त्याच दिवशी ठरवले की आता सगळ्यांनाच सांगायचे. स्मरणिकेत त्या नऊ वर्षांची पाने तुम्हाला ओकीबोकी दिसतील. त्याचा दोष संपादक मंडळाचा नाही, माझा आहे.

बँकेतली किल्ली

आता याच्यावर तुम्ही म्हणाल, अहो, तुम्ही तर बँकेतले! तुम्हाला कसे सुचले नाही? हाच प्रश्न मीही स्वतःला विचारतो.

बँकेत स्ट्राँगरूमच्या किल्ल्यांचे दोन संच असतात. एक संच शाखेत वापरात, तोसुद्धा दोघांच्या ताब्यात विभागलेला. दुसरा, म्हणजे डुप्लिकेट संच, सीलबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवायचा. आपल्याच शाखेत दुसऱ्या कपाटात नाही, दुसऱ्या शाखेत. का? कारण आपल्या शाखेला आग लागली तर दोन्ही कपाटे जळतील. नोकरीच्या सुरुवातीला मला ही साधी गोष्ट एका हेड कॅशियरने शिकवली. ते म्हणायचे, “साहेब, किल्ली आहे का हा प्रश्नच नाही. दुसरी किल्ली कुठे आहे, ते सांगा.”

रंगराजन समितीच्या अहवालानंतर ऐंशीच्या दशकात बँकांच्या शाखांमध्ये यंत्रे येऊ लागली. लेजर पोस्टिंग मशीन म्हणायचो आम्ही. युनियनचा विरोध, घोषणा, सगळे झाले. पण यंत्रे आली. तेव्हापासून दिवसाचे काम संपले की फ्लॉपीवर बॅकअप घ्यायचा, रजिस्टरमध्ये नोंद करायची, सही करायची, ही शिस्त लागली. एक संच तिजोरीत, एक संच शाखेबाहेर. घरी जायला कितीही उशीर झाला तरी बॅकअप घेतल्याशिवाय कुणी उठायचे नाही.

आणि सोसायटीलाही हा धडा मिळाला होता. २६ जुलै २००५ तुम्ही विसरला नसाल. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस. आपल्या पार्किंगमध्ये कंबरेएवढे पाणी होते. आपल्या तेव्हाच्या वॉचमनने एकेका मुलाला खांद्यावर घेऊन जिन्यापर्यंत आणले. तळमजल्यावरच्या ऑफिसमध्ये पाणी शिरले, खालच्या कप्प्यातली इतिवृत्ताची वही आणि सभासदांची नोंदवही भिजून लगदा झाली. इतिवृत्ताची पाने आम्ही पंख्याखाली एकेक करून वाळवली. सभासदांची नोंदवही मात्र पुन्हा लिहिता आली, कारण तिची झेरॉक्स ऑडिटरकडे होती. म्हणजे दुसरी प्रत, दुसऱ्या जागी.

त्या दिवसाचे चाळीसेक फोटो मी काढले होते. तेही गेले.

म्हणजे बघा, शाखेत मी रोज बॅकअपच्या रजिस्टरवर सही करत होतो, सोसायटीत झेरॉक्सचे महत्त्व डोळ्यांनी पाहिले होते, आणि घरी येऊन त्याच हातांनी एका डिस्कवर सगळे ठेवत होतो. बँकेत तपासायला इन्स्पेक्टर येतो. घरी कुणी येत नाही.

डिस्क जाते म्हणजे काय होते

माझ्या कॉम्प्युटरमधून चार-पाच दिवस ‘टक्‌ टक्‌’ असा आवाज येत होता. मला वाटले पंखा असेल. सहाव्या दिवशी कॉम्प्युटर सुरूच होईना.

हार्ड डिस्कच्या डबीत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. त्यांच्यावरून वाचणारे-लिहिणारे टोक फिरते, पण चकतीला टेकत नाही. केसाच्या जाडीच्या कितीतरी पटींनी कमी इतक्या अंतरावर तरंगते. धक्क्याने, झिजेने किंवा अचानक वीज गेल्याने ते टोक बिघडले किंवा चकतीला घासले की तिथली माहिती खरवडून निघते. ‘टक्‌ टक्‌’ हा त्या टोकाला जागा न सापडल्याचा आवाज असू शकतो.

असा आवाज आला तर काय करायचे? कॉम्प्युटर बंद करायचा आणि पुन्हा पुन्हा चालू करून बघायचा नाही. मी नेमके उलटे केले. दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्याने दहा वेळा चालू-बंद करून पाहिला, घरी आणून मी आणखी दहा वेळा. नंतर कळले की प्रत्येक वेळी उरलेसुरले आपणच घासून काढत होतो. धूळविरहित खोलीत डिस्क उघडून माहिती काढून देणारे व्यावसायिक असतात. त्यांच्याकडेही गेलो. त्यांनी सांगितलेला खर्च माझ्या महिन्याच्या पेन्शनपेक्षा जास्त होता, आणि हमी काहीच नव्हती. तरी पैसे भरले. हाती काही लागले नाही.

घरात शोधाशोध केल्यावर २००४ सालची एक सीडी मिळाली. तिच्यातले ६२ फोटो निघाले, बाकीचे उघडले नाहीत. गेटजवळचे बकुळीचे झाड लावतानाचा फोटो स्मरणिकेत आहे ना, तो त्या बासष्टांपैकी. फावडे हातात घेतलेले आपले पहिले अध्यक्ष तुम्हाला त्यात दिसतील. ते आज नाहीत. त्यांच्या मुलीने मला विचारले, “काका, बाबांचे आणखी आहेत का हो?” मला मान खाली घालावी लागली.

चार गैरसमज

गेल्या महिन्यात मी आपल्या तीन विंगमधल्या ओळखीच्या घरी सहज विचारत फिरलो, “तुमचा बॅकअप कुठे आहे?” उत्तरे मजेशीर मिळाली. चार गैरसमज सगळीकडे दिसले.

पहिला : “मी डी ड्राइव्हमध्ये कॉपी करून ठेवलेय.” सी आणि डी हे बहुतेक घरगुती कॉम्प्युटरमध्ये एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच कपाटाचे दोन कप्पे. कपाट जळले की दोन्ही गेले.

दुसरा : “मी सगळे एक्स्टर्नल डिस्कवर हलवले आणि कॉम्प्युटर रिकामा केला.” हा तर फार लबाड गैरसमज आहे, कारण यात डिस्क विकत घेतल्याचे समाधान मिळते. पण हलवले म्हणजे प्रत एकच राहिली, फक्त पत्ता बदलला. बॅकअप म्हणजे एकाच गोष्टीच्या दोन प्रती, दोन वेगळ्या वस्तूंवर. म्हणून ‘कट’ नाही, ‘कॉपी’.

तिसरा : “पेन ड्राइव्हमध्ये आहे.” पेन ड्राइव्ह निरोप्यासारखा. इकडचे तिकडे न्यायला उत्तम, तिजोरी म्हणून नाही. हरवतो, धुण्यात जातो, आणि आतली चिप साधीसुधी असते.

चौथा : “आमचे सगळे गूगलमध्ये असते.” काही प्रमाणात असते, आणि त्याचा उपयोगही आहे. पण गूगलच्या खात्यात फुकट जागा १५ जीबी, आणि तीत मेल, ड्राइव्ह, फोटो सगळे आले. जून २०२१ पासून फोटोही त्या हिशेबात धरले जातात. वनड्राइव्हवर फुकट ५ जीबी. जागा भरली की नवे चढायचे थांबते, आणि सूचना इंग्रजीत येते म्हणून आपण ती मिटवून टाकतो. दुसरे असे की या सेवा दोन्हीकडचे ‘सारखे’ ठेवतात. फोनवरून चुकून पुसले की तिकडूनही पुसले जाते. काही दिवस ते कचरापेटीत राहते, नंतर कायमचे जाते. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो तर नेहमीच्या पद्धतीने लहान करून पाठवला जातो. तो मोठा करून भिंतीवर लावायला गेलात की कळते.

डिस्क घेताना

आता कामाचे बोलू. दुकानात ‘पोर्टेबल एक्स्टर्नल हार्ड डिस्क’ म्हणून मागा. तळहाताएवढी असते, यूएसबीच्या वायरनेच वीज घेते. मोठ्या आकाराचीही मिळते, पण तिला वेगळा ॲडॅप्टर लागतो. आपल्याला छोटी पुरे.

जागा किती? कॉम्प्युटरमध्ये जेवढा माल आहे त्याच्या निदान दुप्पट. हिशेब करून दाखवतो. एक फोटो चार एमबीचा धरला तर एक टीबी म्हणजे अडीच लाख फोटो. बहुतेक घरांना एक टीबी पुरते, व्हिडिओ जास्त असतील तर दोन घ्या. घरी आणल्यावर एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दाखवते. दुकानदाराने फसवलेले नसते हं! कंपनी हजारच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच फरक. माझ्या मित्राने त्यावरून दुकानात भांडण केले होते.

एसएसडी नावाची डिस्कही मिळते. तिच्यात फिरणारे काही नसते, वेग जास्त, पडली तरी सहसा टिकते, पण महाग. आणि वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात पडून राहिली तर तिच्यातली माहिती विरण्याचा धोका असतो. ठेवणीतल्या प्रतीसाठी साधी हार्ड डिस्क चालते, मात्र तीही दोन-तीन महिन्यांतून एकदा लावायला हवी.

वेग यूएसबीवर ठरतो. यूएसबी २ वर सेकंदाला साधारण ३० एमबी, यूएसबी ३ वर साधारण १०० एमबी धरा. २०० जीबीला पहिल्यावर जवळजवळ दोन तास, दुसऱ्यावर अर्ध्या तासाच्या वर. लहान लहान फाईल्स खूप असतील तर आणखी वेळ. तो पहिल्यांदाच. पुढे नव्यांचीच भर घालायची असते.

बॅकअप घेण्याच्या दोन पद्धती

पहिली पद्धत हाताने. डिस्क लावायची. तिच्यात आजच्या तारखेच्या नावाचा फोल्डर करायचा. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप, आणि डी ड्राइव्हवर काही असेल तर तेही, कॉपी करून त्यात पेस्ट करायचे. संपल्यावर मूळ फोल्डरवर आणि नव्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघायचे. फाईल्सची संख्या आणि ‘साइझ’ दोन्हीकडे सारखे आले पाहिजे. त्याच्याखाली ‘साइझ ऑन डिस्क’ असते, ते थोडे वेगळे आले तरी चालते. यालाच आम्ही टॅली म्हणायचो. टॅली झाल्याशिवाय घरी जायचे नाही! पुढच्या खेपेला नव्या तारखेचा फोल्डर. जागा कमी पडू लागली की सर्वांत जुना काढायचा, पण त्याच्या नंतरचे दोन तरी नीट उघडतात हे पाहून.

दुसरी पद्धत आपोआप होणारी. विंडोजमध्ये ‘फाईल हिस्ट्री’ नावाची सोय आहे. डिस्क लावून कंट्रोल पॅनलमध्ये जायचे, ‘सिस्टिम अँड सिक्युरिटी’ उघडायचे, तिथे ‘फाईल हिस्ट्री’, आणि ‘टर्न ऑन’. डिस्क लावलेली असेल तोवर दर तासाला बदललेल्या फाईल्सची प्रत ती घेते, आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते. म्हणजे मंगळवारी मृत्युपत्राच्या मसुद्यात काही गडबड केली तर सोमवारचा मसुदा परत मिळतो. एक मेख लक्षात ठेवा. ती डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज, डेस्कटॉप अशा ठरावीक जागांचीच प्रत घेते. डी ड्राइव्हवरचा फोल्डर तुम्ही लायब्ररीत सामील केला नाही तर तो बाहेरच राहतो, आणि ती तुम्हाला तसे सांगत नाही.

ज्यांच्या घरी ॲपलचा मॅक आहे त्यांना ‘टाइम मशीन’ आहे. डिस्क निवडायची आणि चालू करायचे. ती गेल्या चोवीस तासांची दर तासाची, गेल्या महिन्याची रोजची, आणि त्याआधीची आठवड्याची प्रत ठेवते. २००७ पासून ही सोय आहे.

डिस्क काढताना घाई नको. घड्याळाजवळच्या चिन्हावरून ‘सेफली रिमूव्ह’ म्हणून मगच वायर काढा. पडद्यावर कॉपी संपल्याचे दिसले तरी शेवटचा थोडा मजकूर डिस्कवर उतरायचा राहिलेला असू शकतो. चेक लिहिला पण सही राहिली, तसे.

आणखी एक, गेल्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने संपवला. आपल्याकडे अनेकांचे कॉम्प्युटर त्यावरच आहेत. कुणी नवा घेईल, कुणी आहे त्याच्यावर विंडोज ११ चढवून घेईल. काहीही करा; पण मेकॅनिकला घरी बोलावण्याच्या आदल्या दिवशी बॅकअप घ्या. “काका, फॉरमॅट मारू का?” असे तो विचारतो आणि आपण मान डोलावतो. त्या मान डोलावण्यात माणसांचे संसार गेलेत!

डिस्क काढून ठेवा

बॅकअप झाला की डिस्क कॉम्प्युटरपासून वेगळी करून ठेवा. कारण सांगतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस दीडशेच्या वर देशांत पसरला. तो फाईल्स कुलूपबंद करायचा आणि कुलूप काढायला ३०० डॉलर मागायचा. अशा प्रकाराला रॅन्समवेअर म्हणतात, म्हणजे खंडणीखोर. त्या वेळी जी डिस्क जोडलेली असेल, तीही तो कुलूपबंद करू शकतो. कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत त्याचा हात पोचत नाही. म्हणून फाईल हिस्ट्री वापरणाऱ्यांनीही डिस्क कायम लावून ठेवू नये. आठवड्यातून एक दिवस, दोन-तीन तास लावली की घरगुती कामाला पुरते.

जाणकार ३-२-१ असा नियम सांगतात. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने डिजिटल फोटो सांभाळण्यावर लिहिताना तो लोकांपर्यंत नेला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. ऐकून मला हेड कॅशियरच आठवले. दुसरी किल्ली दुसऱ्या शाखेत!

मी आता काय करतो? दोन डिस्क घेतल्या आहेत. एक घरी, एक मुलीकडे पुण्याला. दोन-तीन महिन्यांनी जातो तेव्हा इथली तिथे ठेवतो आणि तिथली इकडे आणतो. निवडक फोटो आणि कागदपत्रे गूगलवरही आहेत. ज्यांचे जवळ कुणी नाही, त्यांना बँकेचा लॉकर आहेच. डिस्क छोट्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात लोखंडी कपाटालाही घाम फुटतो.

उघडून बघा

‘टॉय स्टोरी’ हा सिनेमा मुलांना माहीत आहे. त्याचा दुसरा भाग १९९९ साली आला. तो तयार होत असताना १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत कुणाकडून तरी चुकीची आज्ञा दिली गेली आणि सिनेमाच्या फाईल्स भराभर पुसल्या जाऊ लागल्या. मंडळी म्हणाली, बॅकअप आहे की. बॅकअप उघडायला गेले तर तो नीट होतच नव्हता, आणि ते कुणाच्या लक्षात आले नव्हते. वाचवले कुणी? गॅलिन सुसमन नावाच्या अधिकारी बाईंनी. त्यांना नुकतेच बाळ झाले होते, म्हणून घरून काम करता यावे यासाठी त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची प्रत होती. तो कॉम्प्युटर जपून गाडीत घालून ऑफिसला आणला. एवढ्या मोठ्या कंपनीचा सिनेमा शेवटी दुसऱ्या जागच्या प्रतीने तारला.

म्हणून दर तीन महिन्यांनी बॅकअपच्या डिस्कवरच्या पाच-दहा फाईल्स उघडून बघा. एक जुना फोटो, एक नवा, एक पत्र, एक व्हिडिओ. शक्य तर दुसऱ्याच कॉम्प्युटरवर. उघडले तर बॅकअप, नाही तर नुसता डबा.

आपल्यानंतर

आता थोडे नाजूक बोलतो. इथे माझ्या वयाचे बरेच जण आहेत. फ्लॅटच्या कराराची स्कॅन, शेअर सर्टिफिकेट, नॉमिनेशनची पोच, एफडींची यादी, विम्याचे कागद हे सगळे आपण कॉम्प्युटरवर ठेवतो. मूळ कागद जपायचेच, स्कॅन त्याची जागा घेत नाही. पण मूळ सापडेना तेव्हा स्कॅनवरून नंबर तरी मिळतो. मात्र हे सगळे कुठे आहे ते घरात दुसऱ्या कुणाला माहीत आहे का?

डिस्कला पासवर्ड लावणे चांगले. हरवली तर परक्याच्या हाती आपला सगळा व्यवहार जाऊ नये. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी ‘बिटलॉकर’ आहे. तो लावताना ४८ अंकी रिकव्हरी की मिळते. ती कागदावर उतरवून पासबुकांच्या फाईलमध्ये ठेवा, डिस्कच्या डब्यात नको. पासवर्ड विसरलात आणि तो कागदही हरवला, तर ती डिस्क तुमच्यासाठीही बंद. बँकेत शपथपत्र देऊन खाते उघडता येते, इथे मॅनेजरच नाही.

आमच्या घरी मी एक कागद केला आहे. त्यावर चार ओळी : डिस्क कुठे आहे, दुसरी कुठे आहे, रिकव्हरी की कुठे आहे, आणि अडले तर कुणाला फोन करायचा. पत्नीने तो वाचला आणि म्हणाली, “एवढं सगळं आहे, तर तिसऱ्या ओळीतलं अक्षर जरा वाचता येईल असं काढा.” पुन्हा लिहून दिला. नंतर तिच्याकडून एकदा डिस्क लावून, फोटो उघडून घेतला. ती परीक्षा झाल्यावरच मला झोप लागली.

दोन विनंत्या

वेळ संपत आली. दोन विनंत्या करून थांबतो.

पहिली विनंती कमिटीला. सोसायटीचे हिशेब, इतिवृत्ते, सभासदांच्या नोंदी आता ऑफिसच्या एकाच कॉम्प्युटरवर आहेत, आणि ऑफिस अजून तळमजल्यावर आहे. दोन डिस्क घ्याव्यात. एक वरच्या मजल्यावरच्या पदाधिकाऱ्याकडे, एक सोसायटीबाहेर. बॅकअपचे रजिस्टर ठेवावे. सही करायला दर शनिवारी मी येईन, पेन्शनरला वेळच वेळ आहे.

दुसरी विनंती तुम्हा सर्वांना. ३१ मार्च हा जगभर ‘बॅकअप दिन’ म्हणून पाळला जातो. आमच्या बँकवाल्यांचा तो वार्षिक क्लोजिंगचा दिवस. योगायोग आहे, पण मला तो फार आवडला. येत्या ३१ मार्चच्या आत प्रत्येक घराने एक बॅकअप घ्यावा. ज्यांना जमणार नाही त्यांनी हाक मारा. मी येईन, सी विंगमधली मंडळीही येतील.

आणि जाताजाता, घरी जाऊन जुने अल्बम, बॅगा, माळे जरा बघा. २००३ ते २०११ मधला आपल्या सोसायटीचा एखादा फोटो कुणाकडे निघाला, मागे चिकटलेला, कोपरा फाटलेला, कसाही, तर आणून द्या. मी स्कॅन करून मूळ त्याच दिवशी परत करीन. बी विंगच्या आजी पहिल्या वर्षापासून गणपतीचे एकशे एक मोदक करायच्या. त्यांचा मोदक वळतानाचा फोटो माझ्याकडे होता. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फोटोत मागे उभ्या असतील त्या. वॉचमनही असेल कुठेतरी, गेटजवळ. जे मिळेल त्याच्या या वेळी तीन प्रती करू.



(ता. क. : भाषणानंतर स्मरणिका छापायला जाईपर्यंत सात घरांतून एकूण एकतीस फोटो आले. बी विंगच्या आजी दोन फोटोंत आहेत. वॉचमनचा अजून मिळालेला नाही.)